मेणाच्या ठोकळ्यासाठी सुरतेला

आमच्याकडचे लोक सुरतेला दोनच कारणांनी जातात, कामाला किंवा साड्या घ्यायला. मी माझ्या मेलेल्या भावाच्या हाडातून काढलेला एक तुकडा आणायला गेले होते. तांदळाच्या दोन दाण्यांएवढा तो तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवलेला होता. परत येऊन आता तीन आठवडे झाले. आल्या आल्या लिहायला बसले असते तर कागदावर शिव्याच उतरल्या असत्या. राग अजून आहे, पण हातातलं वाक्य पुरं करता येतं एवढा तो खाली बसला आहे.

थोडं मागचं सांगते. गजानन, आमचा गजू, माझ्याहून सहा वर्षांनी लहान. नांदुऱ्याजवळच्या आमच्या गावातून बारावी नापास होऊन सुरतेला गेला आणि बावीस वर्षं यंत्रमागावर राहिला. गेल्या वर्षी त्याची कंबर दुखू लागली. बारा बारा तास उभं राहून दुखणारच, असं सात महिने सगळ्यांनी ठरवून टाकलं. मग एक दिवस पाय उचलेना. कमरेच्या हाडात गाठ निघाली. सुईने तुकडा काढून तपासला आणि रिपोर्टवर एक शब्द आला, ‘पॅक्स-आठ पॉझिटिव्ह’. त्यानंतर नवव्या आठवड्यात गजू गेला.

त्या शब्दाचा अर्थ मला तो गेल्यावर कळला. मी तालुक्याच्या गावी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. कागद फेकवत नाहीत, म्हणून त्याची फाइल मी दहाव्यानंतर सुरतेहून मागवून घेतली आणि आमच्या डॉक्टर मॅडमना दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचली.

‘‘हे एका जनुकाचं नाव आहे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पोटात बाळ घडत असतं तेव्हा गळ्यातली थायरॉइड ग्रंथी आणि मूत्रपिंडं घडवायच्या कामात हे जनुक असतं. मोठेपणीही तिथल्या पेशींत ते जागं राहतं. त्यामुळे तिथली गाठ हाडात गेली काय, फुप्फुसात गेली काय, ती खूण सोबत नेते.’’

‘‘मग गळा की मूत्रपिंड?’’

‘‘तेच तर. आडनाव पाटील आहे एवढं कळलं. कोणत्या गावचे पाटील, ते आणखी एक-दोन खुणा तपासल्याशिवाय कळत नाही. रिपोर्टच्या तळाशी तसं लिहिलंय की. पुढे कोणी केलं नाही?’’

कोणीही केलं नव्हतं. गजूच्या गळ्यात एक बारीक गाठ होती आणि डाव्या मूत्रपिंडावर एक डाग. गळ्याचे डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडवाल्यांकडे जा. मूत्रपिंडवाले म्हणाले, आधी गळ्याचं बघून या. पाय न उचलणारा माणूस पाच आठवडे या जिन्यावरून त्या जिन्यावर नेला जात होता, आणि उत्तर ज्यातून निघालं असतं तो तुकडा कुठल्यातरी कपाटात होता.

मॅडमनी पहिल्या पानावर बोट ठेवलं. ‘‘वय एकेचाळीस. मूत्रपिंडाचा असेल तर हे फार लवकर झालं. असा आजार कधी कधी रक्ताच्या नात्यात उतरतो. मुलं आहेत त्यांना?’’

‘‘एक मुलगी आहे. वीस वर्षांची.’’

‘‘ती आणि तुम्ही. ठोकळा आणा. मेणात तुकडा वर्षानुवर्षं टिकतो. घाबरायचं की नाही, हे आपण इथे बसून ठरवण्यात अर्थ नाही.’’

नवागाम

नवागामात गजूच्या घरी जायचं तर उधना स्टेशनवरून शेअर रिक्षा करायची आणि दिंडोलीच्या अलीकडे उतरायचं, एवढं मला माहीत होतं. गुजराती अक्षरं मला जुळवून जुळवून वाचता येतात. ती डोक्यावरची रेघ नसल्याने टोपी काढून उभ्या राहिलेल्या माणसांसारखी दिसतात. मी एक पाटी जुळवीत बसले तोवर रिक्षा अर्धा मैल पुढे गेली होती. तेवढं अंतर उलट चालत आले. दोन्ही बाजूंना मागांचा खडखडाट, गटाराच्या कडेला धाग्यांच्या रिकाम्या बॉबिनांचे ढीग आणि वर एकमेकांना टेकलेल्या तीन मजली चाळी.

आमच्याकडे मयतीनंतर पहिल्यांदा आलेल्या बाईने दारातच गळा काढायचा असतो. घरातली बाई धावत येते, दोघी गळ्यात पडतात आणि गेलेल्या माणसाचे गुण गात रडतात. मला ते कधीच जमलेलं नाही. वंदनाने, गजूच्या बायकोने, मला पाहिलं आणि हेल काढून सुरुवात केली. ‘‘माह्या राजा वो ताईऽ, तुमची वाट पाहू पाहू गेला वोऽ...’’ मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून गप्प उभी राहिले. आवाज ऐकून शेजारची ओडिया बाई घाबरून पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिला वाटलं, आताच कोणी गेलं. वंदनाने रडता रडताच तिला हिंदीत सांगितलं, ‘‘कुछ नहीं भाभी, ननंद है मेरी,’’ आणि पुन्हा हेल धरला.

जेवायला भाकरी, वांग्याची भाजी आणि गूळ घातलेलं वरण होतं. आमच्या वरणात गूळ गेला की गजू ताट सरकवायचा. मी ताट पुरं केलं. गजूची मुलगी प्रणाली कामावरून आली. ती पर्वत पाटियाजवळ एका साडीच्या व्यापाऱ्याकडे माल तपासायला जाते. ‘‘आत्या, केम छो?’’ म्हणून ती पाया पडली. गजूचंच कपाळ.

ताटं उचलल्यावर मी विषय काढला. ‘‘वंदना, लॅबमधून मेणाचा ठोकळा आणला होतास ना? मुंबईला दाखवायचा म्हणून?’’

‘‘हाव. ते प्लास्टिकच्या जाळीतलं व्हय ना? आनलं व्हतं. पन मुंबईले जाचं राहूनच गेलं.’’

‘‘कुठे आहे तो?’’

तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी काही वेडंवाकडं विचारलं. ‘‘त्याहीच्या संगच गेलं ना वो ताई. अस्थीसंग. तापीत सोडलं.’’

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा कोणाच्या तरी घरात बसून ओरडले. अडाणी म्हणाले, आणखीही काही म्हणाले. ते इथे लिहीत नाही. वंदना ऐकत राहिली. मग पदर सावरून म्हणाली, ‘‘मंग काय कराचं व्हतं? लॅबवाल्या मानसानं हातात देलं आन सांगतलं, ‘ये आपके पेशंट का टुकडा है, सम्हाल के रखना.’ म्या सांभाळलं. डब्यात घालून देवाजोळ ठेवलं. रोज हळद-कुकू लावलं. त्याहीच्या अंगाचं मांस व्हय ते. बाकी सारं जाळलं आन तेवढं घरात ठेवू काय? मानूस मोकळा होईन कसा?’’

तिच्या म्हणण्यात खोट काढता येईना, म्हणून माझा राग दुप्पट झाला. गजूच्या फोटोपाशी कुंकवाचा डाग पडलेली एक स्टीलची डबी होती. आत काही नव्हतं. मी ती तरीही उघडून पाहिली.

तापीचा ओवारा

दुसऱ्या दिवशी सकाळी वंदनाचा भाऊ दिनकर रात्रपाळी संपवून आला. अंघोळ करून, केसांतली सुताची धूळ निघते तेवढी काढून तो मला नदीवर घेऊन गेला. मी का जायचं म्हणत होते ते मलाही नीट सांगता आलं नसतं. काहीतरी उरलं असेल, अशी आशा होती म्हणा.

सुरतेत घाटाला ओवारा म्हणतात. पायऱ्या चांगल्या बांधलेल्या होत्या. खाली पाणी हिरवं आणि जड दिसत होतं, आणि काठापासून पंधरा-वीस हातांपर्यंत जलपर्णी दाटली होती. आमची पूर्णा चांगदेवला तापीला मिळते. म्हणजे गावच्या नदीचं पाणीही गजूसारखंच इथे येऊन पोचतं. लहानपणी त्याला पूर्णेत पोहायला मी शिकवलं होतं. तेव्हा तळ दिसायचा.

‘‘इथंच,’’ दिनकर म्हणाला. ‘‘अस्थी सोडल्या, फुलं सोडली. मंग ते मेनाचं सोडलं तं बुडेच ना वो ताई. तरंगाले लागलं. फुलाईसंग गोल गोल फिरे.’’

‘‘मग?’’

‘‘मंग गुरुजी म्हने, याचा जीव अडकला. पोरीत अडकला असन म्हने. मले तं रडूच आलं. म्या पान्यात उतरलो, ते धरलं, रुमालात गोटा बांधला आन त्याच्यासंग सोडलं. तवा गेलं खाली.’’ तो पाण्याकडे बघत होता. ‘‘काही चुकलं काय?’’

मेण हलकं असतं, म्हणून तरंगतं. हे मी त्याला सांगणार होते. तिथे उभ्या असलेल्या चार माणसांपैकी एकालाही हे माहीत नसेल असं नाही. पण ज्यांच्या माणसाच्या हाडाचा तुकडा समोर तरंगतोय त्यांना ते त्या क्षणी आठवत नाही. मी म्हणाले, ‘‘तुझं काही चुकलं नाही.’’ हे मी खोटं बोलले की खरं, ते अजून ठरवता आलेलं नाही.

परतताना त्याने मला एका गाडीवर लोचो खायला लावला. चण्याच्या डाळीचा, वाफवलेला, न धरलेल्या ढोकळ्यासारखा सैल पदार्थ. वर तेल, शेव आणि हिरवी चटणी. फार चांगला होता, आणि मला त्याचाही राग आला. भाऊ जाऊन तीन महिने झालेले, पोरीच्या रक्तात काय आहे ते पाण्यात बुडालेलं, आणि मी द्रोणाच्या तळाची चटणी बोटाने पुसत होते.

लॅब

लॅब शहराच्या आतल्या भागात, एका व्यापारी इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आहे. मी एकटीच गेले. काउंटरवरच्या माणसाने रजिस्टर उघडून माझ्यापुढे फिरवलं. ‘‘बेन, ब्लॉक तो आपी दीधो छे. जुओ, सही छे.’’

ठोकळा नेल्याची सही होती. वंदनाचं सातवीपर्यंतचं मराठी अक्षर, काना-मात्रा सगळं जागेवर, गुजराती आणि इंग्रजी सह्यांच्या मध्ये.

मी हिंदीत विचारलं, ‘‘देताना तुम्ही काय सांगितलं होतं?’’

‘‘जो सबको बोलते हैं. पेशंट का टुकड़ा है, सम्हाल के रखना.’’

‘‘कशासाठी सांभाळायचा, ते सांगता?’’

‘‘इतना टाइम किसके पास है, बेन?’’

माझ्या ग्रंथालयात पहिल्या वर्षाच्या मुलाला पुस्तक देतानाही मी सांगते की पान दुमडू नकोस, हे दुसऱ्याच्या कामाला येणार आहे. त्याला अर्धं मिनिट लागतं. या माणसाने अर्धं मिनिट वाचवलं होतं. मी ते त्याला सांगितलं. मराठीतच सांगितलं, कारण हिंदीत मला एवढं भराभर बोलता येत नाही. बाकावरचे लोक बघायला लागले. आतून एक वयस्कर बाई बाहेर आल्या. रिपोर्टवर ज्यांची सही होती त्याच पॅथॉलॉजिस्ट. त्यांनी मला आत नेऊन बसवलं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. ठोकळा नदीत सोडल्याचं सांगितलं तेव्हा त्या हसल्या नाहीत, कपाळावर हातही मारला नाही. कपाटातून दोन काचपट्ट्या काढल्या, एक गुलाबी रंगवलेली आणि एक तपकिरी. ‘‘भाई को देखना है?’’

मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. फिकट निळसर पसाऱ्यावर तपकिरी ठिपके, ओल्या वाळूत गहू सांडल्यासारखे. तेच ते जनुक, त्याने केलेल्या प्रथिनावर चढलेला रंग. गजूची आई, म्हणजे माझीही, तिच्या पोटात जे जागं झालं होतं ते त्याच्या कमरेच्या हाडात जाऊनही जागंच होतं. मी किती वेळ बघत होते कोण जाणे. त्यांनी घाई केली नाही.

‘‘यावर पुढची तपासणी होणार नाही?’’

त्यांनी समजावून सांगितलं. तुकडा आधीच फार लहान होता. हाड मऊ करायला तो आम्लात ठेवावा लागला होता, त्यानेही काही खुणा पुसट होतात. या काचेवरचा रंग उतरवून दुसरा चढवता येतो, पण इतक्या कमी मालावर आलेल्या उत्तराची खात्री त्या देणार नाहीत. ‘‘गलत जवाब से आपका नुकसान होगा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘रिपोर्ट में मैंने लिखा था कि दो टेस्ट और करवाइए. ब्लॉक यहीं था. पाँच हफ़्ते किसी ने फ़ोन नहीं किया.’’

‘‘तुम्ही का नाही केलात?’’

त्यांनी काचपट्ट्या परत कपाटात ठेवल्या. एका चांगल्या माणसाला मी हे विचारलं याचं नंतर वाईट वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही.

निघताना त्या म्हणाल्या, ‘‘पता नहीं है, तो किडनी समझ के चलिए. बच्ची की सोनोग्राफ़ी करवाइए, हर साल. आप की भी.’’

पर्वत पाटिया

त्या संध्याकाळी मी वंदनाला हे सांगितलं. तिने आधी खिडकी लावली.

‘‘हळू बोला ना वो ताई. प्रणालीची सोयरीक लागली. इथल्या कोसाडचे लोकं व्हय, मूळचे आपल्याच जिल्ह्यातले. रक्तातलं हाय असं कानावर गेलं तं उद्याच्या उद्या निरोप येईन.’’

‘‘आणि खरंच असलं तर?’’

‘‘नसलं तं? तुमाले तरी कुठं माहीत हाय? सांगा, माहीत हाय काय?’’

मला माहीत नव्हतं. माहीत करून घ्यायचं साधन तिने नदीत सोडलं होतं, आणि तेही मी बोलून दाखवलं. वंदना भिंतीकडे तोंड करून बसली. भांड्यांजवळ उभी असलेली प्रणाली म्हणाली, ‘‘बस ना यार तुम्ही दोघी. मला कोणी विचारणार आहे का? बॉडी माझी आहे ने.’’

‘‘तू चूप राह्य,’’ वंदना म्हणाली.

‘‘पप्पापण चूपच राहिले. सात महिने. कंबर धरून.’’ तिने हात पुसले. ‘‘आत्या, उद्या माझी सुट्टी आहे. मार्केटच्या बाजूला सोनोग्राफीवाला आहे. आपण जाऊ.’’

सकाळी आम्ही दोघी निघालो. बोळाच्या तोंडाशी वंदना मागून आली, साडी बदललेली, पायात घाईने घातलेली चप्पल. रिक्षात आमच्या मध्ये बसली.

पर्वत पाटियाच्या चौकात साड्यांच्या गठ्ठ्यांनी भरलेले टेम्पो एकमेकांवर भुंकत असतात. सोनोग्राफीची जागा पहिल्या मजल्यावर. प्रणालीला पाणी पीत पीत तासभर बसवलं. वंदना दर पाच मिनिटांनी दाराकडे बघत होती, कोसाडचं कोणी आलं की काय म्हणून. मला वाटलं, हिला पुन्हा ओरडावं. मग दिसलं, तिच्या मुठीत प्रणालीचा दुपट्टा होता आणि तिने त्याची वळी करून करून दोरी केली होती.

आधी प्रणाली आत गेली, मग मी. दोघींची मूत्रपिंडं साफ होती. गळाही साफ. आतले डॉक्टर तरुण होते, म्हणाले, ‘‘अभी तो कुछ नहीं है. अगले साल फिर.’’ वंदनाला सांगितलं तर ती खालीच बसली, बाक मागे असून.

बाहेरच्या टेबलावर एक माणूस रिपोर्ट टाइप करीत होता. मान वर न करता त्याने विचारलं, ‘‘क्यों करवाया? रूटीन लिखूँ?’’

प्रणालीने आईकडे पाहिलं. बाकावर पाच-सहा माणसं होती, त्यांतल्या दोघी आपसात वऱ्हाडीत बोलत होत्या. हा कागद घरात राहणार, सासरी जाणार, दर वर्षी दाखवावा लागणार.

‘‘हाँ,’’ प्रणाली म्हणाली, ‘‘रूटीन लिखो.’’

‘‘रूटीन नाही,’’ वंदना उठली. टेबलापाशी गेली आणि त्या दोघींसकट सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, ‘‘इसके पप्पा को कॅन्सर था. एकेचाळीस साल का था मेरा आदमी. लिखो.’’

त्याने आता मान वर केली. ‘‘किसका कॅन्सर?’’

वंदनाने माझ्याकडे पाहिलं. मी त्याला सांगितलं, गळा किंवा मूत्रपिंड, एवढीच खूण मिळाली होती. त्याने टाइप केलं. वंदना प्रणालीला म्हणाली, ‘‘काय लिवलं वाच.’’

प्रणालीने वाकून इंग्रजीत वाचलं, मग सांगितलं, ‘‘वडिलांना कॅन्सर होता. कुठून सुरू झाला ते कळलं नाही, असं लिहिलंय.’’

‘‘कळलं नाही काहून?’’ वंदनाचा आवाज फाटला. ‘‘पाच हप्ते ते कपाटात व्हतं. मंग माह्या हातात देलं तं कायच्यासाठी ते सांगतलं नाही. कळू देलं नाही, असं लिव्ह म्हना त्याले.’’

तो माणूस माझ्याकडे बघू लागला, चष्मा लावलेली, शिकलेली बाई आता हिला समजावेल या भरवशाने.

मी म्हणाले, ‘‘वो जैसा बोलती है, वैसा लिखिए.’’